दिव्यांगत्वाचा टक्का कसा ठरतो? आणि तो ठरवणाऱ्या डॉक्टरांना ‘पुरावा तपासायला’ शिकवायचं म्हणजे नेमकं काय?

समजा, आंबेगाव तालुक्यातल्या एका शेतमजूर बाईंचा हात कडबाकुट्टीत सापडला. जखम भरली, पण बोटं नीट मिटत नाहीत. विळा धरता येत नाही, भरलेली पाटी उचलता येत नाही. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी त्या डॉक्टरांसमोर बसतात. तपासणीनंतर कागदावर एक आकडा लिहिला जातो. तो ३८ असेल तर एक गोष्ट होते, ४१ असेल तर दुसरीच.

४० टक्क्यांच्या वर गेलं की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, एसटीच्या तिकिटात सवलत मिळते, नोकरी-शिक्षणातल्या राखीव जागांचा दरवाजा उघडतो. खाली राहिलं तर यातलं बहुतेक काही मिळत नाही. हात मात्र दोन्ही वेळेला तोच असतो.

हा आकडा डॉक्टर कशाच्या आधारावर लिहितात? दोन डॉक्टरांचा आकडा सारखाच येतो का? तो अधिक भरवशाचा व्हावा म्हणून डॉक्टरांना काय शिकवता येतं? जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात हे समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. अंधत्व, कर्णबधिरता, हातापायांचं दिव्यांगत्व यांच्यासोबत मानसिक आजार, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, पार्किन्सन्स, सिकलसेल, हिमोफिलिया, ॲसिड हल्ल्यातले पीडित यांचाही समावेश झाला.

या कायद्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली व्याख्या ‘दिव्यांग व्यक्ती’ची. शरीर, मन, बुद्धी किंवा ज्ञानेंद्रियांत दीर्घकाळची उणीव आहे आणि समाजातल्या अडथळ्यांमुळे त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, अशी कोणतीही व्यक्ती यात येते. इथे टक्क्यांचा उल्लेख नाही.

दुसरी व्याख्या ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची. इथे ४० टक्क्यांची अट आहे. सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा आणि बहुतेक योजना या व्याख्येशी जोडलेल्या आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. ही मोजणी ७ प्रकारांच्या काळातली आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

जुन्नर-आंबेगावच्या अर्जदाराला कुठून कुठे जावं लागतं?

अर्ज ऑनलाइन होतो. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्व प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच देणं राज्यांना बंधनकारक आहे. याच पोर्टलवरून यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र मिळतं.

तपासणी मात्र ऑनलाइन होत नाही. दोन्ही तालुक्यांत जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालयं आहेत, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण नेत्र, कान-नाक-घसा, अस्थिरोग, मनोविकार अशा वेगवेगळ्या तज्ज्ञांची आणि उपकरणांची गरज असेल तर औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पुण्याचं ससून गाठावं लागतं. जुन्नर ते पुणे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. डिंभे धरणापलीकडच्या आहुपे खोऱ्यातल्या किंवा नाणेघाटाकडच्या गावातल्या माणसाला आधी घोडेगाव किंवा जुन्नर गाठायचं, मग तिथून पुढे जायचं. सोबत एक माणूस लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते.

नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत आधी एक महिन्याची होती. ऑक्टोबर २०२४ मधल्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली.

म्हणून पहिल्याच तपासणीत आकडा नीट ठरणं महत्त्वाचं. इथे फेरतपासणी म्हणजे आणखी एक खाडा आणि आणखी एक एसटी प्रवास.

टक्का नेमका मोजतात कसा?

केंद्र सरकारने मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वं ४ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित केली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारित तत्त्वं आली. प्रत्येक प्रकारासाठी मोजमाप वेगळं आहे.

दृष्टी: चष्मा लावून, चांगल्या डोळ्याने किती दिसतं यावर ठरतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर दिव्यांगत्व ३० टक्के धरलं जातं. म्हणजे ४० च्या खाली.

श्रवण: दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर ‘ऐकू कमी येणारे’ आणि ७० डेसिबलची घट असेल तर ‘कर्णबधिर’, अशी कायद्यातली व्याख्या आहे.

मानसिक आजार: ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण. त्यात आजार किती वर्षांचा आहे याचे १ ते ४ गुण मिळवायचे. एकूण ७ गुण झाले की ४० टक्क्यांची रेषा ओलांडली जाते.

एकाहून अधिक इजा: इथे साधी बेरीज करत नाहीत. ‘अ’ हा मोठा आकडा आणि ‘ब’ हा लहान आकडा असेल, तर ९० मधून ‘अ’ वजा करायचा, त्याला ‘ब’ने गुणायचं, ९० ने भागायचं आणि उत्तर ‘अ’मध्ये मिळवायचं.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या बाईंच्या हाताच्या हालचालींचं नुकसान ३६ टक्के भरलं, असं समजू. अपघातातल्याच दुसऱ्या एका इजेचं नुकसान ८ टक्के आहे. सूत्रात घातलं तर ३६ अधिक ४.८, म्हणजे ४०.८ टक्के. पण घाईत ती दुसरी इजा तपासायची राहून गेली, तर कागदावर ३६ च येतो. गणित बरोबर असूनही निकाल चुकतो.

मानसिक आजारातही तसंच. आजार १२ वर्षांचा आहे, पण जुने केसपेपर घरात राहिले नाहीत. कागदावर फक्त तीन वर्षांचे उपचार दिसतात. दहा वर्षांहून जुन्या आजाराला ४ गुण असतात, दोन ते पाच वर्षांच्या आजाराला २. चार बाबींचे मिळून ३ गुण असतील, तर एका हिशोबाने बेरीज ७ होते, दुसऱ्या हिशोबाने ५. पहिल्याला लाभ मिळतो, दुसऱ्याला नाही.

सूत्र संगणकही सोडवतो. आत कोणते आकडे भरायचे, हे मात्र डॉक्टरच ठरवतात.

दोन डॉक्टर, एक रुग्ण, एकच आकडा?

काम करण्याच्या क्षमतेचं मूल्यांकन करणारे तज्ज्ञ एकाच व्यक्तीला तपासून सारख्या निष्कर्षाला येतात का, हे पाहणारा एक मोठा आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १२ देशांतले २३ अभ्यास तपासले होते. निष्कर्ष असा, की तज्ज्ञांमधली एकवाक्यता खूप कमी-जास्त होती आणि अनेक अभ्यासांत ती कमीच आढळली. ठरावीक पद्धतीने, टप्प्याटप्प्याने तपासणी केली तिथे ती सुधारलेली दिसली.

याचा अर्थ डॉक्टर अप्रामाणिक होते असा नाही. माहिती अपुरी असते, वेळ कमी असतो आणि प्रत्येकाच्या मनातलं ‘गंभीर’ वेगळं असतं.

आपल्याकडे या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा खोट्या प्रमाणपत्रांपुरती राहते. २०२४ मध्ये पुण्यात नेमणुकीला असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणामुळे ती देशभर झाली. पण चूक दोन्ही बाजूंनी होते. पात्र नसलेल्याला प्रमाणपत्र मिळणं ही एक चूक, पात्र असलेल्याला नाकारणं ही दुसरी. पहिलीची बातमी होते. दुसरीत माणूस गुपचूप एसटी पकडून घरी परततो.

पुराव्यावर आधारित वैद्यक म्हणजे काय?

‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हा शब्द कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गयाट यांनी १९९१ मध्ये वापरला आणि १९९२ च्या ‘जामा’मधल्या लेखानंतर तो जगभर पोहोचला. १९९६ मध्ये डॉ. डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्याची नेमकी मांडणी केली. डॉक्टरांचा अनुभव, संशोधनातला उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पुरावा आणि रुग्णाची परिस्थिती व पसंती, या तिन्हींची सांगड घालून निर्णय घेणं म्हणजे पुराव्यावर आधारित वैद्यक.

शिकवताना त्याच्या पाच पायऱ्या करतात:

१. नेमका प्रश्न विचारा.
२. त्याचं उत्तर देणारं संशोधन शोधा.
३. ते संशोधन कितपत भरवशाचं आहे हे तपासा.
४. समोरच्या माणसाला ते लागू पडतं का ते पाहा.
५. आपण कसं काम केलं याचा मागे वळून आढावा घ्या.

हे सगळं प्रामुख्याने उपचारांसाठी तयार झालं. कोणतं औषध द्यायचं, शस्त्रक्रिया करायची का, वगैरे. दिव्यांगत्व ठरवणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न वेगळा असतो. त्यांना औषध द्यायचं नसतं. हा माणूस काय करू शकतो, काय करू शकत नाही, ही स्थिती किती काळ टिकेल, हे सांगायचं असतं. पुरावा तिथेही लागतो, पण वेगळ्या प्रकारचा.

पुरावा निर्णय कसा बदलतो? तीन उदाहरणं

पहिलं, पाठदुखी आणि एमआरआय. ऊसतोड, टोमॅटोचे क्रेट उचलणं, ट्रॉली भरणं ही जुन्नर-आंबेगावातली रोजची कामं. पाठीचं दुखणं घेऊन येणाऱ्याच्या हातात अनेकदा एमआरआयचा रिपोर्ट असतो आणि त्यात ‘चकती सरकली’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तो पाहून आकडा वाढवायचा का?

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. चकती फुगल्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होतं. म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारी झीज बऱ्याचदा केस पांढरे होण्यासारखी असते. तेवढ्यावरून कुणी दिव्यांग ठरत नाही. उलट, स्कॅन साधारण आहे म्हणून दुखणं खोटं आहे, असंही म्हणता येत नाही. निर्णय पायातली ताकद, संवेदना, हालचाल आणि प्रत्यक्ष कामावर व्हायला हवा.

दुसरं, ‘नाटक करतोय’ ही शंका. पाठदुखीच्या रुग्णांना तपासताना दिसणाऱ्या काही खुणांची यादी १९८० मध्ये स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी मांडली. डोक्यावर हलका दाब दिल्यावर कंबर दुखते असं सांगणं, ही त्यातली एक. पुढे अनेक ठिकाणी या खुणा खोटं पकडण्याचं साधन म्हणून वापरल्या जाऊ लागल्या. पण मूळ हेतू तो नव्हता. अशा वापराविरुद्ध खुद्द वॉडेल यांनीच १९९८ च्या एका लेखात सावध केलं. त्यानंतरच्या आढाव्यांतही या खुणांचा आणि सोंग करण्याचा ठोस संबंध दिसला नाही. हे माहीत नसलेला डॉक्टर एका खऱ्या दुखणाईताला सहज खोटा ठरवू शकतो.

शंका घेणं चुकीचं नाही. ती तपासण्याची योग्य पद्धत हवी. ऐकू येत नाही या दाव्याबद्दल शंका असेल तर ‘बेरा’ ही चाचणी आहे. आवाजाला मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा प्रतिसाद ती थेट नोंदवते, त्यात रुग्णाने हो-नाही सांगण्याची गरज नसते.

तिसरं, तपासणी कधी करायची? पक्षाघातानंतर हातापायांतली बरीचशी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. दुसऱ्याच महिन्यात टक्का ठरवला तर तो जास्त येण्याची शक्यता असते. म्हणून मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांत साधारण सहा महिने थांबून मूल्यांकन करण्याची पद्धत आहे. प्रमाणपत्र तात्पुरतं द्यायचं की कायमचं, हेही आजार पुढे कसा जातो याच्या पुराव्यावर ठरायला हवं. कायमच्या स्थितीला तात्पुरतं प्रमाणपत्र दिलं, तर काही वर्षांनी त्या माणसाला पुन्हा तीच वारी करावी लागते.

हे डॉक्टरांना शिकवून पाहिलं आहे का?

हो, नेदरलँड्समध्ये. तिथे आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्यांचे दावे तपासण्यासाठी ‘सामाजिक विमा वैद्य’ अशी डॉक्टरांची वेगळी शाखाच आहे. आजारपणाची दोन वर्षं झाल्यावर हे डॉक्टर माणूस काय करू शकतो ते लिहितात. मग श्रमतज्ज्ञ त्याची कमाई किती घटेल ते काढतात. घट ३५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर भत्ता मिळत नाही. आपल्याकडे ४० ची रेषा आहे, तिथे ३५ ची.

या डॉक्टरांसाठी पाच दिवसांचा अभ्यासक्रम तयार केला गेला. तो उपयोगी पडतो का, हे पाहण्यासाठी रीतसर प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आले. १३२ डॉक्टर ५४ छोट्या गटांत विभागलेले होते. कोणत्या गटांना प्रशिक्षण द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कुणाच्याही पसंतीशिवाय ठरवलं गेलं. प्रशिक्षणात व्याख्यानं थोडी होती. भर होता तो स्वतःच्याच प्रकरणांवर प्रश्न तयार करणं, संगणकावर संशोधन शोधणं, घरचा अभ्यास आणि एकमेकांना शिकवणं यावर.

नंतर त्यांचे अहवाल तपासले. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या अहवालांत संशोधनाचा आधार अधिक वेळा दिलेला आढळला.

हा बदल लहान वाटतो, पण त्यामुळे निर्णयाला कारण मिळतं. ‘३८ टक्के’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावर वाद घालता येत नाही. ३८ का, कोणत्या मोजमापावरून, कोणत्या आधारावर, हे लिहिलं असेल तर अर्जदार, दुसरा डॉक्टर किंवा न्यायालय ते तपासू शकतं.

मग एक कार्यशाळा घेतली की झालं?

नाही. हे प्रशिक्षण नेमकं काय बदलतं, याचा २३ अभ्यासांवर आधारित आढावा २००४ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आला होता. सुट्या वर्गांमुळे डॉक्टरांचं ज्ञान वाढतं, पण कौशल्य, दृष्टिकोन आणि वागणूक बदलत नाही. रोजच्या कामात मिसळून शिकवलं तर मात्र चारही गोष्टी सुधारतात, असं त्यात दिसलं. सभागृहात दिवसभराचं व्याख्यान, दुपारी जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र, या धर्तीच्या कार्यक्रमाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

चांगल्या प्रशिक्षणालाही मर्यादा आहेत. स्वित्झर्लंडमध्ये मनोविकारतज्ज्ञांना कामाच्या क्षमतेचं मूल्यांकन ठरावीक पद्धतीने करायला शिकवलं गेलं. तरीही एकाच व्यक्तीबद्दलच्या त्यांच्या आकड्यांतली तफावत अपेक्षेइतकी घटली नाही, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. प्रशिक्षणाने तफावत नाहीशी होत नाही. ती कुठून येते हे दिसू लागतं.

टक्के म्हणजे काम करण्याची क्षमता का?

पाच पायऱ्यांतली पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची ठरते ती इथे: नेमका प्रश्न कोणता? कारण एकाच इजेवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे प्रश्न विचारले जातात.

जुन्नरच्या एखाद्या शेतकऱ्याचा एक डोळा अपघातात गेला, असं समजू. यूडीआयडीच्या मोजमापात हे ३० टक्के, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व नाही. पण राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताने एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात, दोन निकामी झाल्यास २ लाख. तिथे प्रश्न ४० टक्क्यांचा नाही, अवयव निकामी झाला का हा आहे.

बिबट्याच्या हल्ल्यात तिसराच प्रश्न येतो. जुन्नर वनविभागात हे हल्ले नवे नाहीत. वन विभागाच्या भरपाईत मृत्यू, कायमचं अपंगत्व आणि गंभीर दुखापत यांसाठी वेगवेगळ्या रकमा आहेत. जखम ‘गंभीर’ आहे की अपंगत्व ‘कायमचं’ आहे, हे डॉक्टरांच्या कागदावरून ठरतं.

पुणे-नाशिक महामार्गावरच्या अपघाताचा दावा न्यायाधिकरणात गेला, तर चौथा प्रश्न: कमाई किती घटली? सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०१० रोजी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं, की डॉक्टरांनी लिहिलेला दिव्यांगत्वाचा टक्का म्हणजे कमाईतली घट असं यांत्रिकपणे धरू नये. डावा हात गमावलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकून असेल तर तसं होईलच असं नाही.

शिक्षणाच्या बाबतीतही न्यायालयाने हेच सूत्र धरलं. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचा आणि भाषेच्या ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वामुळे एमबीबीएसला अपात्र ठरवलं गेलं होतं. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की केवळ आकड्यावरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. त्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल की नाही, हे मंडळाने तपासलं पाहिजे आणि अपात्र ठरवल्यास कारणं लिहिली पाहिजेत.

४० च्या खालचा आकडा म्हणजे हक्कच नाहीत, असंही नाही. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

जुन्नर-आंबेगावात असं प्रशिक्षण कसं दिसू शकेल?

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मंचर, नारायणगाव, जुन्नर आणि घोडेगावच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा नावं झाकलेली दोन-तीन प्रकरणं घेऊन बसायचं. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे आकडा काढायचा, मग एकमेकांना दाखवायचा. जिथे फरक पडला तिथे थांबायचं: मोजमाप वेगळं घेतलं का? एखादी इजा सुटली का? मार्गदर्शक तत्त्वांतला तक्ता वेगळा वाचला का? की शंका आधी आली आणि तपासणी नंतर?

उत्तर तत्त्वांत नसेल तर ‘पबमेड’वर शोधायचं. ते सर्वांसाठी मोफत आहे. कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांचे सारांशही मोफत वाचता येतात. ससूनशी जोडलेल्या बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक ऑनलाइन सामील होऊ शकतात. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतातच. त्यात अशा बैठका धरता आल्या, तर डॉक्टरांनाही वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

प्रश्न वेळेचाच आहे. ओपीडी, बाळंतपणं, सर्पदंश, अपघात आणि शवविच्छेदन सांभाळून ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर हे काम करतात. शिबिराच्या दिवशी दारात रांग असते. त्या रांगेत प्रत्येक अर्जदारासाठी संशोधन शोधणं शक्य नाही. म्हणूनच वारंवार येणाऱ्या प्रकारांसाठी, जसं की कडबाकुट्टीच्या इजा, पाठदुखी, पक्षाघात, आधी बसून एकेक पानाची तपासणी-यादी तयार करणं जास्त उपयोगी पडेल.

अर्जदाराने काय लक्षात ठेवावं?

- जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. आजार किती जुना आहे, हे त्यावरूनच कळतं.
- सगळ्या इजा सांगा, लहान वाटणाऱ्याही. ८ टक्क्यांनी निकाल बदलू शकतो.
- ‘दुखतं’ एवढंच सांगू नका. रोजचं कोणतं काम करता येत नाही ते सांगा: पाणी भरणं, बटण लावणं, शिडी चढणं, पैसे मोजणं.
- मानसिक आजार किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर रोज सोबत राहणाऱ्या माणसाला घेऊन जा.
- प्रमाणपत्र कशासाठी हवं आहे ते आधी स्पष्ट करा. यूडीआयडी, अपघात विमा, वन विभागाची भरपाई आणि न्यायालयीन दावा यांचे निकष वेगवेगळे आहेत.
- प्रमाणपत्र नाकारलं तर कारण लेखी मागा. तो नियमाने मिळालेला हक्क आहे. निर्णय मान्य नसेल तर कायद्याच्या कलम ५९ नुसार ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं.

यातला शेवटचा मुद्दा डॉक्टरांच्या प्रशिक्षणाशी थेट जोडलेला आहे. कागदावर कारण लिहिलेलं असेल तरच अपिलात त्याची तपासणी होऊ शकते. सुरुवातीच्या उदाहरणातल्या बाईंना ३८ मिळो की ४१, तो आकडा कसा आला हे त्यांना वाचता यायला हवं, आणि वाचता येत नसेल तर गावात कुणाकडून तरी वाचून घेता यायला हवं.